फोन भरला म्हणून फोटो उडवू नका, आधी हे वाचा



गेल्या महिन्यापासून ऑफिसात पावती फाडायला येणारा माणूस पावतीचं बोलायच्या आधी फोन पुढे करतो. "सेक्रेटरी, हे स्टोरेज फुल काय येतंय? काय दाबू?" बहुतेकांनी माझ्याकडे यायच्या आधीच काहीतरी दाबलेलं असतं, कुणी भाच्याला विचारून, कुणी मोबाइलवाल्याला विचारून. दाबून झालं की मग विचारतात, आता फोटो कुठे गेले? एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो. लांब झालंय, पण होडी काठाला लावून निवांत वाचा. घरात जो पोरगा किंवा जी सून फोनचं बघते, तिलाही वाचायला द्या.

आधी आपल्या एका सभासदाची गोष्ट. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. नर्मदेकाठचे आहेत, चांदोदच्या बाजूचे.

१७ सप्टेंबर २०२३ चा रविवार आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. गणपती दोन दिवसांवर आलेले आणि सरदार सरोवरातून सुमारे १८ लाख क्युसेक पाणी सुटलेलं. चांदोद, करनाळी, मालसर, सगळीकडे पाणी घरात. खाली भरूचला गोल्डन ब्रिजपाशी धोक्याची पातळी २४ फूट, तिथे पाणी ४० फुटांपर्यंत चढलं. या दादांची होडी दोर तुटून गेली, ती बरीच खाली बाभळीत अडकलेली सापडली, फळ्या उचकटलेल्या. मशीन चिखलात. जाळी झाडांवर लटकत होती. पण माणूस हुशार. पाणी उतरलं तसा त्यांनी फोन काढला आणि सगळं टिपलं. होडी चारी बाजूंनी, मशीनचा नंबर, जाळ्यांचे व्हिडिओ, घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ. चाळीसेक फोटो आणि सात-आठ व्हिडिओ. पंचनाम्याच्या वेळी ते दाखवलेही.

पुढे कामाला वेळ लागला, लागतोच. काही महिन्यांनी कागदात त्रुटी निघाली. मशीनचा नंबर नीट वाचता येत नाही, मूळ फोटो आणा. दादांनी फोन उघडला तर फोटोच नाहीत. झालं काय, मधल्या काळात फोन भरला होता. दिवाळीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, सगळं क्लाउडवर आहेच, मी फोनमधलं उडवतो." त्याने हजारभर फोटो निवडले आणि डिलीट केले. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, जागा लवकर मोकळी व्हावी म्हणून. पोराने चांगल्याच मनाने केलं. पण फोनमधलं गेलं आणि क्लाउडवरचंही गेलं, एकाच बोटात.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी तेव्हा चार फोटो टाकले होते. ते मी माझ्या फोनमधून शोधून दिले. पण व्हॉट्सॲपवरून जाताना फोटो दाबून लहान होतो. होडी दिसते, मशीन दिसतं, नंबर मोठा करायला गेलं की नुसते ठिपके. काम शेवटी मशीनच्या जुन्या बिलावर भागलं. ते बिल वहिनींनी पत्र्याच्या डब्यात जपलं होतं आणि तो डबा माळ्यावर होता म्हणून वाचला.

दादांना त्या त्रुटीचं आता फार वाटत नाही. मनाला लागलंय ते वेगळंच. त्यांची आई २०२२ मध्ये गेली. जायच्या आधीच्या संक्रांतीला ती ओटीवर बसून जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, त्याचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ होता. त्या हजारांत तोही गेला. त्याच्यासाठी कुठलं बिल शोधायचं?

तर पहिली गोष्ट हीच, की फोन रिकामा करणं वेगळं आणि फोटो सांभाळून ठेवणं वेगळं. आपण दोन्ही एकच समजतो आणि तिथेच फसतो.

क्लाउड म्हणजे वर ढगात काही नसतं. आपण मासळी दुसऱ्याच्या बर्फाच्या गोदामात ठेवतो ना, तसं आहे. कंपनीचे मोठमोठे कॉम्प्युटर असतात, इंटरनेटवरून आपल्या फोटोची एक प्रत तिथे जाऊन बसते. ॲन्ड्रॉइड फोनवर हे काम गुगल फोटोज नावाचं ॲप करतं. आता गोदामाची मासळी आणि घरची मासळी वेगळी असते, घरची खाल्ली तर गोदामातली कमी होत नाही. फोटोंचं तसं नाही. गुगल फोटोजमध्ये फोनमधला फोटो आणि क्लाउडवरचा फोटो ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. त्या ॲपमध्ये जाऊन फोटो निवडला, टोपलीचं चित्र दाबलं, की दोन्हीकडून जातो. त्याच खात्यावर मुलाचा दुसरा फोन जोडलेला असेल तर तिथूनही दिसेनासा होतो.

मग फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर? त्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळं बटण आहे, "फ्री अप स्पेस". वर कोपऱ्यात आपल्या नावाचा गोल किंवा फोटो दिसतो, तो दाबला की सापडतं. हे बटण जे फोटो क्लाउडवर नीट पोचलेत, तेवढेच फोनमधून काढतं. क्लाउडवरची प्रत तशीच राहते, फोटो ॲपमध्ये दिसतोही. भाच्याने हे बटण दाबलं असतं तर आजीचा आवाज आज असता.

पण ते दाबायच्या आधी बॅकअप चालू आहे का ते बघा. त्याच गोलावर दाबलं की "बॅकअप कम्प्लीट" लिहिलेलं दिसेल, किंवा बॅकअप बंद आहे असं दिसेल. आपल्याकडे निम्म्या लोकांचा बंदच असतो. नवा फोन घेताना दुकानदार विचारतो, आपण "नको नको" म्हणतो, संपलं. मग वर्षानुवर्षं आपण समजतो की सगळं गुगलवर आहे आणि गुगलवर काहीच नसतं. एखाद्या फोटोची शंका असेल तर तो उघडून बोटाने वर सरकवा, खाली माहिती येते, बॅकअप झालाय की नाही ते तिथे कळतं.

चुकून डिलीट झालंच तर घाबरून फोन बंद करू नका. ज्यांचा बॅकअप झालेला होता ते फोटो टोपलीत, म्हणजे "बिन" किंवा "ट्रॅश" म्हणतात त्यात, ६० दिवस राहतात. बॅकअप नसलेले ३० दिवस. तेवढ्यात "रिस्टोअर" दाबलं की परत जागेवर. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की टोपली त्याच दिवशी रिकामी करू नका. टोपलीत असेपर्यंत जागा अडकून राहते हे खरं, पण आठ-पंधरा दिवस थांबलं तर बिघडत नाही. घरात सगळ्यांना विचारा, कुणाचं काही हरवलंय का, आणि मगच रिकामी करा. ज्यांच्याकडे आयफोन आहे (आपल्यात तीन-चार पोरं आहेत, मला माहीत आहे) त्यांनाही हेच लागू. आयक्लाउड चालू असेल तर फोनमधून उडवलेला फोटो तिथूनही जातो. त्यांची टोपली ३० दिवसांची आणि फुकट जागा फक्त ५ जीबी.

आता "स्टोरेज फुल" चा मेसेज. हा दोन प्रकारचा असतो. एक फोन भरल्याचा आणि एक गुगलचं खातं भरल्याचा. दोन्ही वेगळे आहेत, मेसेज नीट वाचा. "अकाउंट स्टोरेज" किंवा जीमेलचा उल्लेख असेल तर तो खात्याचा.

गुगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट असते. ही १५ जीबी एकट्या फोटोंची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून तेवढी आहे. पूर्वी फोटो थोडे लहान करून ठेवले तर ते या हिशेबात धरत नव्हते, कितीही ठेवा. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. त्या तारखेच्या आधी तसे लहान करून चढवलेले फोटो अजूनही हिशेबात नाहीत, नंतरचे सगळे मोजले जातात. व्हॉट्सॲपचा बॅकअपही आधी मोजत नसत. ॲन्ड्रॉइडवाल्यांचा तो २०२४ पासून याच १५ जीबीत मोजायला लागले. म्हणून अनेकांना वाटतं की मी तर काही वाढवलं नाही, एकदम कसं भरलं.

हिशेब साधा आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर १५ जीबीत चार हजारांच्या आसपास बसतात. पण व्हिडिओ? फुल एचडीचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर-सव्वाशे एमबी खातो. म्हणजे दोन तासांचं शूटिंग आणि खातं संपलं. फोर-के वर ठेवला असेल तर त्याच्या तिप्पट तरी. आपल्याकडे एका हळदीचा व्हिडिओ दोन तासांचा असतो! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-के असेल तर फुल एचडी करा. जाळ्यात काय आलं ते दाखवायला फोर-के लागत नाही.

खातं भरलं तर नुसते फोटो चढायचे थांबत नाहीत, मेलही थांबते. हे माझंच झालं. मंडळीच्या कामाची मेल माझ्या खात्यावर येते. एका योजनेचं पत्र मला यायचं होतं, येईना. मी रोज "पाठवतो म्हणाले, पाठवत नाहीत" असं म्हणून समोरच्यांना नावं ठेवतोय. शेवटी तिकडून फोन आला, तुमच्याकडून मेल परत येतेय, जागा नाही म्हणून. बघितलं तर १५ पैकी १५ भरलेले. अकरा जीबी फोटो आणि व्हिडिओ, त्यात साडेतीन जीबी तर मागच्या गणपतीचे, एकच मिरवणूक तीन वेळा काढलेली. पत्राची मुदत दोन दिवसांवर होती. त्या रात्री मी काय काय उडवलं ते मलाच आठवत नाही, आणि हेच चुकीचं आहे. घाईत उडवू नये. फोटोचं काम जाळ्यासारखं आहे. जाळं काढल्यावर तिथल्या तिथे निवडतो, कटला वेगळा, रोहू वेगळा, काडीकचरा पाण्यात. चार दिवसांनी निवडायला बसलं तर सगळंच फेकावं लागतं.

काय उडवायचं? सगळ्यात आधी व्हॉट्सॲप. तिथे सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा" आणि त्यात "मॅनेज स्टोरेज" आहे. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली एका जागी दाखवतो आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दाखवतो. ती फॉरवर्डची रास बघा. गुड मॉर्निंग, बाबांची प्रवचनं, पाण्यातून निघालेला अजगर, तोच अजगर दुसऱ्या गावाच्या नावाने. डोळे झाकून उडवा. मग त्याच ठिकाणी मीडिया ऑटो-डाउनलोडमध्ये व्हिडिओची खूण काढून टाका, म्हणजे आपण दाबल्याशिवाय व्हिडिओ उतरणार नाही. मोबाइलचा डेटाही वाचतो. आणि "चॅट्स" मध्ये "चॅट बॅकअप" आहे, तिथे व्हिडिओ धरायचे की नाही ते विचारलेलं असतं. ते बंद केलं तर बोलणं आणि फोटो राहतात, बॅकअप बराच लहान होतो. पुढचा बॅकअप झाल्यावर जागा मोकळी दिसेल, लगेच दिसत नाही.

गुगल फोटोजमध्ये कोणत्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा ते आपण ठरवू शकतो. व्हॉट्सॲप इमेजेस आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ यांच्यापुढचं बटण बंद ठेवा, कॅमेरा चालू ठेवा. एक सांभाळा, लेकी सासरहून नातवंडांचे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतात. त्यातला हवा तो फोटो उघडून एकट्याचा बॅकअप घेता येतो. तेवढे कष्ट आजी-आजोबांनी घ्यावेत.

त्याच ॲपमध्ये मोठे व्हिडिओ, धूसर फोटो, स्क्रीनशॉट यांची वेगवेगळी यादी मिळते. मोठ्या व्हिडिओपासून सुरू करा. दोनशे फोटो उडवून जे मिळत नाही ते एक व्हिडिओ उडवून मिळतं. बॅकअपची क्वालिटी "स्टोरेज सेव्हर" वर ठेवली तर पुढचे फोटो थोडे लहान होऊन चढतात, आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही. मशीनचा नंबरही त्यात वाचता येतो, मी करून बघितलंय.

आता काय उडवायचं नाही ते. होडीचे फोटो, चारही बाजूंचे, नंबरासकट. मशीनचा नंबर, जाळ्यांची बिलं. नोंदणीचे आणि विम्याचे कागद. नुकसानीचा एकही फोटो, भरपाई हातात पडली तरी नाही. नुकसानीचा फोटो कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. तसा गेला तर मूळ जसा आहे तसा जातो, त्याच्यातली तारीख-वेळही राहते.

कागदांचे फोटो गॅलरीत लग्नाच्या फोटोंबरोबर ठेवू नका. ड्राइव्हच्या ॲपमध्ये कागद स्कॅन करायची सोय आहे, पीडीएफ होते. ती उतरवून फोनच्या फाइल्समध्येही ठेवा. फोटो साफ करताना पीडीएफला हात लागत नाही, आणि नदीत रेंज नसली तरी उघडते. फ्री अप स्पेस केलेला फोटो मात्र मोठा करून बघायला इंटरनेट लागतं, हे ध्यानात ठेवा. आधार, लायसन्स वगैरे सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर आहे. २०१५ पासून चालू आहे, सरकारीच आहे. तिथे आलेला कागद मूळ कागदासारखाच चालतो आणि आपले कागद चढवायला १ जीबी जागा मिळते. अपघात विम्याचा प्रसंग कुणावर न येवो, पण मत्स्यसंपदा योजनेत मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाखांचं संरक्षण आहे, आणि तेव्हा घरच्यांनी कागद कुठे शोधायचे? बाईला नवऱ्याच्या फोनचं लॉकही माहीत नसतं.

इथेच सगळ्यात मोठी गोम आहे, त्यावर थोडं जास्त लिहितो.

परवा एकाचा फोन महीत पडला, सिंधरोटच्या बाजूला. फोन गेला, सिमही गेलं. मी म्हटलं, काळजी नको, बॅकअप चालू होता ना? होता म्हणाले. मग नव्या फोनवर खातं उघडा. कुठलं खातं? त्यांना माहीतच नाही. पाच वर्षांपूर्वी दुकानदाराने फोन चालू करून देताना नवीन जीमेल बनवलं, पासवर्ड स्वतःच टाकला, झालं. मेलचं नाव काय, पासवर्ड काय, कुणालाच ठाऊक नाही. फोटो क्लाउडवर सुखरूप आहेत आणि मालकाकडे गोदामाची चावी नाही. आम्ही आधी त्याच नंबरचं सिम परत घेतलं, नशिबाने खात्याला तो नंबर जोडलेला होता, त्यावर कोड आला आणि खातं उघडलं. नंबर जोडलेला नसता तर सगळं गेलंच होतं.

तेव्हा आजच हे करा. गुगल फोटोज उघडा, वरचा गोल दाबा, तिथे आपली मेल आयडी दिसते. ती वहीत लिहा, घरच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तर फोन हातात आहे तोवरच बदलून घ्या, नंतर जड जातं. खात्याला रिकव्हरीसाठी नंबर जोडायची सोय असते, तिथे आपल्याच खिशातल्या सिमबरोबर बायकोचा किंवा मुलाचा नंबरही जोडा. दोन्ही सिमं एकाच फोनमध्ये आणि फोन नदीत, असं नको.

आणि जुनी खाती. आपण फोन बदलला की नवीन खातं काढतो. मग जुन्या खात्यात वडिलांचे फोटो पडलेले असतात. गुगलचा नियम असा आहे की दोन वर्षं एखादं खातं कुणी उघडलंच नाही तर ते मजकुरासकट काढून टाकता येतं, आणि डिसेंबर २०२३ पासून तशी खाती काढायला सुरुवात झालीय. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा हवं तर, होडीला हार घालतो तेव्हा जुन्या खात्यातही एकदा जाऊन या. तसंच १५ जीबी ओलांडून खातं दोन वर्षं तसंच भरलेलं ठेवलं तरी आतलं काढलं जाऊ शकतं. हे "स्टोरेज फुल" च्या मेसेजकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी.

गुगलच्या खात्यात "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" म्हणून एक सोय आहे. आपण ठरवायचं की माझं खातं इतके महिने, तीन, सहा, बारा किंवा अठरा, कुणी उघडलं नाही तर अमक्याला कळवा आणि फोटो त्याच्या हाती द्या. बायको, मुलगा, भाऊ, कुणाचंही नाव देता येतं. पाण्यावर जाणाऱ्या माणसाने हे करावं असं मला वाटतं. अशुभ बोलतोय म्हणून माझ्या घरीच मला बोलणी बसली, तरी मी माझं केलंय.

पैसे देऊन जागा वाढवावी का, हे बरेच विचारतात. आधी निवडून बघा, बहुतेकांना गरज पडत नाही. ज्यांचं खरंच भरतं, त्यांच्यासाठी १०० जीबीचा प्लॅन आहे. मी बघितला तेव्हा महिन्याला १३० रुपये होता. घरातल्या आणखी पाच जणांना तीच जागा वाटून देता येते आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. चार भाऊ एकत्र आले तर जड नाही. रिचार्जबरोबर काही महिने फुकट जागा मिळते ती घ्यायला हरकत नाही, पण मुदतीची तारीख लिहून ठेवा. फुकट म्हणून ऐंशी जीबी भरून ठेवायचं आणि मुदत संपली की परत १५ वर यायचं, मग नवीन एकही फोटो चढत नाही आणि मेलही बंद.

मला विचाराल तर पैसे एका पेन ड्राइव्हवर घाला. टाइप-सी चा, फोनला थेट लागणारा मिळतो. वर्षातून दोनदा महत्त्वाचे फोटो त्यात घाला. मात्र तो घरातच ठेवू नका. ऑगस्ट २०२४ ला, जन्माष्टमीच्या वेळी, विश्वामित्री ३७ फुटांच्या घरात गेली, धोका २५ वर मानतात. समा, फतेगंज, वडसर, तळमजल्यावरची घरं आणि घरातली कपाटं दोन-तीन दिवस पाण्यात, वर मगरी अंगणात. बडोद्यातल्या आपल्या नातेवाइकांचे अल्बम लगद्यासारखे झालेले मी बघितलेत. नर्मदेकाठच्याने पेन ड्राइव्ह बडोद्याच्या बहिणीकडे ठेवावा आणि बडोद्याच्याने वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे. एक क्लाउडवर, एक पेन ड्राइव्हवर, दोन्ही एकदम बुडणार नाहीत.

जाता जाता सावध करतो. "तुमचं क्लाउड भरलंय, २४ तासांत सगळे फोटो डिलीट होतील, इथे दाबा" असे मेसेज आणि मेल येतात. खाली लिंक असते, कार्डाचा नंबर मागतात, एक-दोन रुपयेच भरा म्हणतात. ते चोर आहेत. खरोखर भरलंय का ते मेसेजवरून नाही, ॲप उघडून बघायचं. कुणी दाबलंच असेल आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा. आणि हात जोडून विनंती, आधार, पासबुक, ओटीपी यांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. मला द्यायचे तर मला एकट्याला पाठवा. ग्रुपवर कोण कोण आहे ते मलाही आता माहीत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी ऑफिसात बसतोय, फक्त ह्याच कामासाठी. पावत्या त्या दिवशी नाहीत. ज्यांना होडीच्या फोटोंची आणि कागदांची एक प्रत मंडळीच्या कॉम्प्युटरवर ठेवायची असेल त्यांचं वेगळं फोल्डर करून देतो. वर ज्यांची गोष्ट सांगितली ते दादा त्यांच्या भाच्याला घेऊन येणार आहेत. तो आता बटणांत चांगला तयार झालाय आणि मदतीला बसेन म्हणालाय, त्याला कुणी मागचं काढून बोलू नका. येताना फोन पूर्ण चार्ज करून आणा, ऑफिसात चार्जर एकच आहे. आपला मेल आयडी आणि पासवर्ड घरून शोधून आणा. काही उडवायचं असेल तर रविवारपर्यंत थांबा.